‘व्यापारी पळाला’ नावाचं बटण

पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मोर्शी तालुक्यातल्या संत्रा बागाईतदारांच्या एका संघाला फसवलं. जगभर फुकट मिळणारा प्रोग्राम तिनं ‘आमचं प्रॉडक्ट’ म्हणून दिला. त्यावरचं मूळ नाव खोडलं आणि तो पुढे कधी अपडेट होऊ नये अशी सोय करून ठेवली. मी हे ऐकीव सांगत नाही. तो कोड मी स्वतः उघडून पाहिला आहे.

अमरावतीत माझं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. संघाचे सचिव मनोहरभाऊ तिथं आले ते घाम पुसत. सोबत बाबारावजी होते. त्यांची बाग मोर्शीपासून जवळच.

“वेबसाइट पांढरी झाली,” मनोहरभाऊ म्हणाले.

“पांढरी म्हंजे?”

“म्हंजे काईच दिसत नाई. कोरा कागद. होस्टिंगवाल्यानं पीएचपी का काय ते बदललं म्हने.”

पीएचपी ही भाषा. बहुतेक वेबसाइटी तिच्यात लिहिलेल्या असतात. दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती येते आणि जुन्यातल्या काही गोष्टी काढून टाकल्या जातात. डेटाबेसशी, म्हणजे माहितीच्या साठ्याशी, बोलायची जुनी पद्धत त्या वेळी अशीच काढून टाकली होती. ज्यांनी कोड वेळेवर सुधारला त्यांना काही झालं नाही. ज्यांनी नाही सुधारला त्यांचं पान पांढरं झालं.

या साइटवर बागांच्या जाहिराती असत. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच बागेचा सौदा होतो. व्यापारी बाग फिरतो, नजरेनं अंदाज बांधतो, इसार म्हणून आगाऊ रक्कम देतो आणि मग तोडणी करतो. पूर्वी गावात जो व्यापारी येईल त्याच्याशीच बोलावं लागे. साइट आल्यापासून बाहेरगावचे फोन यायला लागले. त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात यायचं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठीच. अशा दिवसांत एका बागेसाठी चार फोन येणं ही लहान गोष्ट नव्हती.

बाबारावजींचा व्यापारी पहिली तोडणी करून गेला तो गेलाच. बाजार उतरला की असे व्यापारी फोन उचलत नाहीत.

“आंबिया बहाराचं फळ पिवळं पडून राह्यलं,” ते म्हणाले. “आठवडाभरात फळगळ सुरू होईन. माल झाडावर राह्यला तर पुढचा बहारबी धड फुटत नाई. तुमचं ते पान लवकर काळं करा बा.”

मी कंपनीला फोन लावला. मॅनेजर गोड बोलत होता.

“सर, नवीन व्हर्जन परचेस करावं लागेल. जुनं प्रॉडक्ट आम्ही सपोर्ट करत नाही.”

“मग कोड सांभाळायले आमाले द्या.”

“कोड आमची प्रॉपर्टी आहे. आणि तुम्ही अमरावतीहून बोलताय ना? हे थोडं कॉम्प्लेक्स आहे.”

मी अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात फरशी पुसत पुसत हे काम शिकलो. कॉलेज अर्ध्यावर सुटलं. कॉम्प्लेक्स काय असतं ते मला पुण्याहून कळायची गरज नव्हती. तसं मी त्याला सांगितलं, जरा वरच्या पट्टीत. त्यानं फोन ठेवला.

होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथं ठेवलेली असते तिथलं, खातं मात्र संघाच्या नावावर होतं. तिथल्या सपोर्टच्या पोरीनं आधी नियम वाचून दाखवले. ओनरचा मेल लागेल म्हणाली. “ओनर समोर बसला हाय. मेल आता पाठवतो, पासवर्डबी आताच पाह्यजे,” मी म्हटलं. बरीच घासाघीस झाली. संध्याकाळच्या आत सगळ्या फाइली माझ्याकडे होत्या.

फाइल उघडली आणि डोकं तापलं. मराठी मजकूर मध्येच कापला तर अक्षर अर्धं तुटून चौकोन दिसतात. ते होऊ नये म्हणून लिहिलेला एक तुकडा तिथं होता. तो मीच लिहिला होता. वेबसाइट बनवायच्या एका ओपन सोर्स प्लॅटफॉर्मसाठी. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो. जगभरची माणसं तो सुधारतात, बहुतेक जण फुकट. तो वापरायला, बदलायला, विकायलासुद्धा बंदी नाही. या प्लॅटफॉर्मची अट एवढीच, की करणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत आणि ज्याला द्याल त्यालाही तेच हक्क द्यायचे. कंपनीनं प्रत्येक फाइलमधून प्लॅटफॉर्मचं नाव काढून स्वतःचं घातलं होतं. अपडेटचं बटणही गायब. ते राहिलं असतं तर दाबल्याबरोबर मूळ नाव परत येऊन चोरी उघडी पडली असती.

पण या चोरीमुळेच काम सोपं झालं. मूळ प्लॅटफॉर्मची तीच जुनी आवृत्ती मी उतरवून घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक काढला. बहुतेक फरक नावं खोडण्याचेच. एका ठिकाणी मात्र बटणाचा कोड होता. बटणावर लिहिलं होतं, ‘व्यापारी पळाला’.

कुण्या प्रोग्रामरनं गंमत केली असेल असं मला वाटलं. मी तो सोडून दिला. मूळ प्लॅटफॉर्मची नवी, स्वच्छ आवृत्ती बसवली, टप्प्याटप्प्यानं डेटाबेस त्या आवृत्तीवर आणला. माझ्या मशीनवर साइट चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी तपासायला नसरीन आपा आल्या. संघाच्या ऑफिसात जाहिराती टाकायचं काम त्यांचं. माहेर अचलपूरचं, घरात फळांचा धंदा, त्यामुळे व्यापारी ओळखण्यात पक्क्या. त्यांनी खुर्ची ओढली, थोडा वेळ माउस फिरवला आणि माझ्याकडे वळल्या.

“भैया, माझं बटण कुठं हाय?”

“कोनतं?”

“व्यापारी पळाला.”

“ते खरं होतं?”

“मंग काय मजाक होता? इसार झाला की मी जाहिरात उतरवते. व्यापारी पळाला की बटण दाबते, जाहिरात परत वर येते. पयल्या पानावर. त्या पुण्याच्या पोराशी फोनवर भांडून भांडून करून घेतलं होतं मी!”

“जुनी जाहिरात परत चालू करा ना, आपा. ते तर होते.”

त्यांनी बाबारावजींची जाहिरात चालू केली. ती तिच्या जुन्या तारखेला, पार मागच्या पानावर जाऊन बसली.

“आता पाह्य,” आपा म्हणाल्या. “दुसरं पान पाहणारा व्यापारी मले दाखव. मी त्याले स्वतः चहा पाजते.”

“नवीन जाहिरात टाकून द्या मग.”

“नवीन टाकली तं लोकायले वाटते बागेतच काई खोट हाय, म्हनून घडीघडी येते. बटण दाबलं की खाली लिवून येते, पयला सौदा व्यापाऱ्याकडून मोडला. इज्जतीची गोष्ट हाय भैया. कॉम्प्युटरले काय समजते?”

कॉम्प्युटरला समजत नव्हतंच. मलाही तोवर समजलं नव्हतं. जगात कुठल्याही प्लॅटफॉर्ममध्ये ही सोय नसणार. ती फक्त आमच्या बाजारात लागते.

कंपनीनं हे बटण प्लॅटफॉर्मच्या मूळ फाइलींत घुसवलं होतं. तसं केलं की पुढच्या अपडेटला ते पुसलं जातं. बरोबर पद्धत प्लगिनची. प्लॅटफॉर्मनं भिंतीवर ठिकठिकाणी खुंट्या ठेवलेल्या असतात, तुमची पिशवी त्यावर टांगायची. भिंत फोडायची नाही. मी बटण नव्यानं लिहिलं, खुंटीला टांगलं. आपांनी शेजारी बसून पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. दोनदा चूक काढली. दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर निघालं.

मग मनोहरभाऊंशी माझ्या अटी ठरल्या. कोड संघाच्या नावावर राहील. पासवर्ड संघाकडे. लायसन्स, म्हणजे वापराच्या अटी, मराठीत करून ऑफिसात लावायच्या. ते म्हणाले, “येवढं कायले?” मी म्हटलं, “उद्या मीच पळालो तं?” आपा खळखळून हसल्या.

साइट चालू झाली. आपांनी पहिल्यांदा बटण दाबलं ते बाबारावजींच्या बागेसाठी. परतवाड्याच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, मग आणखी दोघांचे. परतवाड्याचा माणूस बाग पाहून इसार देऊन गेला आणि या वेळी तोडणी शेवटापर्यंत झाली. थोडी गळ झालीच होती. बाकी माल गेला.

प्लगिन मी सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, बटणाचं नाव ज्याला हवं ते देता येईल असं. परदेशात घरं भाड्यानं लावणाऱ्या एका माणसानं ते घेतलं. त्याच्याकडे भाडेकरू पळतात. त्यानं माझं नाव जिथल्या तिथं ठेवलं आणि वर एक दुरुस्ती करून पाठवली. ती आता मोर्शीच्या साइटवरही चालते. व्यवहार असा असतो.

फुकट मिळणारी वस्तू विकली याबद्दल माझी तक्रार नाही, मीही मेहनतीचा मोबदला घेतो. माझी तक्रार खोडलेल्या नावांची आणि काढलेल्या अपडेटच्या बटणाची आहे. साइट कोरी पडली त्या दिवसांत बाबारावजींसारख्यांचा माल झाडावर पिकत होता. कंपनीच्या मॅनेजरनं संघाच्या आमसभेत यावं, बागाईतदारांसमोर उभं राहावं आणि सांगावं, अपडेट कोणाच्या हुकुमानं बंद केलं? माझा नंबर पाहून ते फोन उचलत नाहीत. म्हणून इथं लिहितो आहे. आता उत्तर द्या.