आईच्या नजरेतून सुटलेले टॉवेल

सोलापूरच्या स्टँडवर पुण्याची बस लागली, तरी आई माझ्या बॅगेत टॉवेल कोंबत होती. निळा, आणि एका काठाला चार बोटं लूपच, म्हणजे वरचे मऊ धाग्याचे वेढेच, नसलेला. मी म्हणाले, होस्टेलवर पोरी हसतील, एखादा धड दे की. तिनं चेन लावून टाकली. गल्लीतल्या पोरींनो, तुम्ही निम्म्या तिथंच आहात, निम्म्या माझ्यासारख्या बाहेर पडलात. सगळ्यांना वाटतं, मी त्या दिवशी लई रडले असणार. नाही रडले. तीही नाही.

आमच्या घरात धड टॉवेल नव्हताच, हे तुम्हाला ठाऊक आहे. आई टॉवेलच्या कारखान्यात चेकर. दिवसभर उभं राहून एकेक टॉवेल उलटासुलटा बघायचा, पास झाला की तिच्या नंबरची चिठ्ठी लावायची. तिनं पास केलेला एखादा व्यापाऱ्याकडून परत आला, तर तो ती घरी आणायची. हा नियम कारखान्याचा नव्हता, तिचाच होता. "माझ्या नजरेतनं सुटलाय न्हवं? मग मीच वापरायचा. रोज तोंड पुसलं की ध्यानात ऱ्हातंय." मला याचा भयंकर राग यायचा. शाळेच्या सहलीला मी टॉवेल न्यायचेच नाही, ओढणीनं भागवायचे.

पुण्यात ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनी लागले. दर तासाला पाच नग मापाच्या गेजवर तपासायचे, रीडिंग शीटवर लिहायचं, खाली सही. महिन्याभरात कळलं, तपासत कुणीच नाही. सकाळच्या चहाआधीच सगळे दिवसभराची शीट भरून मोकळे. मीही भरायला लागले. मन खायला लागलं असेल म्हणाल, तर तसलं काही झालं नाही. डबा खायचे, झोपायचे, परत शीट भरायचे.

मग दीडेक वर्षानं एक खोका गिऱ्हाइकाकडून परत आला. एका नगाचं भोक तिरपं पडलं होतं, आणि त्या शीटवर सही माझी. गाडीला बसवायच्या आधीच सापडला म्हणून बरं. सुपरवायझर रागावलेसुद्धा नाहीत. होतं असं, म्हणाले, स्क्रॅपमध्ये टाक. मी टाकला नाही. त्यांच्याकडून गेटपास लिहून घेतला आणि तो नग खोलीवर आणून खिडकीत ठेवला, दात घासताना दिसेल असा. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून खरंच मोजायला लागले. माझ्यामुळे लाइन थांबायला लागली. सुपरवायझरांनी बाजूला घेऊन सांगितलं, कायम करायची यादी निघतेय, जरा समजून घे. समजलं होतं. यादीत माझं नाव आलं नाही. धैर्यबिर्य काही नव्हतं हो त्यात. आत सगळं बधिर होतं, हात तेवढे मोजत होते.

रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं. खोट्या शीटचं आधी, मग यादीचं. तिनं पहिलं हेच विचारलं,

"त्यो नग कुटं हाय?"

"खोलीवर. खिडकीत."

"बरं केलंस. जेवलीस का?"

घर म्हटलं की आता मला गल्ली, दार, अंगण यातलं काही आठवत नाही. दोरीवर वाळणारे ते टॉवेल आठवतात, काठ उसवलेले, पट्टी वाकडी गेलेले. फोन ठेवून मी तोंड धुतलं आणि निळा टॉवेल घेतला. लूप नसलेला काठ गालाला लागला. स्टँडवरचं रडू मला तेव्हा आलं, दोन वर्षांनी.