सिंधूसाठी लोणचं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला पाइपच्या कारखान्यात होतो. पलीकडून आई रडत होती. मशीनच्या आवाजात दोनदा विचारावं लागलं... मग बाहेर येऊन कडुलिंबाखाली उभा राहिलो. आता तीन महिने झाले, तरी रविवार आला की पाय आपोआप धुळ्याच्या बसकडे वळतात.

मधुकरनाना म्हणजे धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांचं त्यांना भारी वेड, आणि आमच्या गल्लीला त्यांचं तेवढंच वावडं. पण नानांची एक रीत होती. पुस्तकाला खाकी कव्हर घालायचं आणि गोष्ट कुठल्या ग्रहावर घडते ते चुकूनही सांगायचं नाही. फक्त माणूस सांगायचा, तोही शेजारच्या घरातली खबर दिल्यासारखा. राक्षस-बिक्षस म्हटलं की नाक मुरडणाऱ्या एका किराणावाल्या शेठना ते म्हणाले, "एक म्हातारा आहे हो. तीन पोरं, पण एकही बोलत नाही त्याच्याशी." शेठनी विचारलं, "मग?" नाना म्हणाले, "मग काय, पुस्तकात आहे." तो म्हातारा पंखवाला नाग आहे हे शेठना चाळिसाव्या पानावर कळलं. तोवर ते मनातल्या मनात त्या पोरांशी भांडूनही बसले होते. पुस्तक परत करताना म्हणाले, "नाग असला म्हणून काय झालं, बाप आहे ना तो!"

माझ्या कादंबरीचं पहिलं बाड मी नानांनाच दाखवलं. मंगळावरची वस्ती, शूर कप्तान, कधी न चुकणारा. नानांनी चार दिवसांनी ते परत दिलं. "तुझा कप्तान फार थोर आहे रे. त्याला भूक लागत नाही, भीती वाटत नाही, कुणाची आठवणही येत नाही. अशा माणसाबरोबर मी जळगावपर्यंतसुद्धा जाणार नाही, मंगळ तर लांबच राहिला." मला राग आला, आठवडाभर मी वाचनालयात फिरकलो नाही. मग मुकाट्यानं कप्तानाला घरी पाठवलं आणि सिंधू लिहिली. मंगळावरच्या वस्त्यांना पाणी सोडणारी बाई. पाणी कमी, वस्त्या जास्त. कुणाचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा ते तिनं ठरवायचं, आणि सगळ्यांचे शिव्याशाप घेऊन एकटीनंच जेवायचं. नाना वाचून म्हणाले, "हिच्यासाठी मी जाईन मंगळावर."

पुस्तक छापून आलं, पण आईनं ते हातात धरलं नाही. "मंगळवर काय शे? ना नदी, ना मानूस. मी कसाले वाचू?" मी हसून सोडून द्यायचो, पण ते मला लागायचं. सगळ्या धुळ्यानं वाचलं नसतं तरी चाललं असतं, आईनं वाचायला हवं होतं.

नानांच्या घरी पुण्यानुमोदनाच्या विधीला आई माझ्याबरोबर आली. वंदना झाली, जेवणं झाली, तरी तिची नजर सारखी दाराकडे. शेवटी तिनं नानांच्या बायकोला, काकूंना विचारलं, "सिंधू नही उनी का?"

मला काही कळेना, माझ्या पुस्तकातली सिंधू इथे कशी येणार? मग काकूंच्या बोलण्यातून हळूहळू उलगडलं. वर्षभर नाना चहाला येऊन आईला सिंधूची हकीकत सांगत होते. आई 'पुढे?' म्हणाली की पुस्तक हातात ठेवायचं, असा त्यांचा बेत. पण आईनं तिला भडगावकडची कुणी खरीच बाई समजून बेत उधळून लावला. "एकटी जेवस बिचारी," म्हणत दर महिन्याला ती नानांजवळ सिंधूसाठी कैरीचं लोणचं द्यायला लागली. त्यापुढे खरं सांगायचा नानांना धीर झाला नाही.

मी सगळं सांगितलं. आईनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "मंग लोनचं कोनी खादं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि नानांच्या फोटोकडे बोट केलं. "यास्नीच. बठ्ठं!"

दुःखाच्या घरात आम्ही तिघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. नानांची आठवण सगळ्यात जास्त मला तेव्हाच आली... कारण हे सांगायला तेच हवे होते.

दुसऱ्या दिवशी आई वाचनालयात जाऊन पुस्तक घेऊन आली. घरात पाच प्रती पडल्या असताना! पंधरा दिवस तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि मीही भीतीनं विचारलं नाही. मग एका सकाळी फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"इतली लांब धाडी तिले. तिले माय नही का रे?"

मी गडबडलो. तीनशे पानं लिहिली, पण सिंधूला आई द्यायचं मला सुचलंच नव्हतं. नानांनाही नाही.

"नाही गं. राहून गेलं."

"मंग लिख," आई म्हणाली.

आता दर रविवारी मी देवपूरच्या वाचनालयात नानांच्या टेबलाशी बसून सिंधूची आई लिहितो. संध्याकाळी आईला वाचून दाखवतो. ती दर ओळीला अडवते, "अशी नही बोलस माय," आणि मी खोडून पुन्हा लिहितो.