निकाल राखीव

चुका काढण्याबद्दल पगार घेणारा पुण्यातला पहिला माणूस म्हणजे आमचे साडूभाऊ. त्याआधी सगळं गाव हे काम फुकट करत होतं. हिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. सरकारी कचेरीत कारकुनी करता करता त्यांनी संध्याकाळचे कॉम्प्युटरचे क्लास केले, आणि हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्यांतल्या एकीत ते टेस्टिंगला लागले. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यानं केलेलं सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते दाखवायचं. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी त्यांनी स्वतःच्या नेमणूकपत्रातल्या तीन चुका लाल शाईनं दाखवून पत्र परत केलं. साहेबानं म्हणे उठून हात मिळवला. पण नोकरी हा त्यांचा जोडधंदा हो! मूळ धंदा व्हिडिओ गेमचा. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर, कपाळाला गंध, अंगात बंडी, नाकावर घसरलेला चष्मा, असा हा गृहस्थ टीव्हीसमोर चटईवर मांडी ठोकून राक्षस मारत बसलेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. मला वाटलं, सासरच्यांनी एवढी एक गोष्ट आपल्यापासून लपवली.

नव्वदीच्या सुरुवातीला बाजार खुला झाला आणि तपकीर गल्लीत टीव्हीला जोडायचे खेळाचे डबे आले. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर ठळक अक्षरांत 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ'. अर्ध्या पुण्यानं ती कॅसेट घेतली, पहिले चार खेळ खेळले आणि बाकीचे देवावर सोडले. साडूभाऊंनी मोजले. खरंच मोजले! रोज कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन, एकेक खेळ लावून वहीत नोंद. अडीच महिने. निष्कर्ष असा की खेळ सतरा आणि बाकी नुसती नावं. माणूस तोच, टोपीचा रंग तेवढा बदललेला. वही घेऊन ते दुकानात निघाले आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर नेलं. दुकानदारानं वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचली आणि विचारलं, "नऊ हजार नऊशे नव्याण्णव लिहिलंय. 'वेगवेगळे' असं कुठे लिहिलंय का?" साडूभाऊंनी वही मिटली. मग म्हणाले, "नाही. ही चूक माझी." आणि दुसरी कॅसेट घेऊनच बाहेर पडले. पुढे कितीतरी वर्षं ते त्याच दुकानात जात राहिले. "माणूस खोटं बोलला नाही," असं त्यांचं म्हणणं. खोटी नोंद करणारा माणूस त्यांच्या लेखी वाया गेलेला असे.

त्या मोजणीच्या वहीतून परीक्षणांची सवय लागली. प्रत्येक खेळाला एक पान. कथानक, चाल, संगीत आणि 'राक्षसाची वागणूक' असे चार विषय, पंचवीस-पंचवीस मार्कांचे, आणि तळाशी शेरा. सत्तरच्या वर कुणी गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. एकदा मी मुद्दाम इंग्रजी मासिकातलं परीक्षण दाखवलं. ज्या खेळाला यांनी काठावर पास केलं होतं त्याला तिथे शंभरपैकी पंच्याण्णव! साडूभाऊ म्हणाले, "त्यांना खेळ फुकट पाठवतात. फुकट जेवणारा आमटीला नावं ठेवील का?"

"आपल्याकडे ठेवतो," मी म्हटलं.

"म्हणून आपल्याकडची परीक्षणं वाचावीत."

पुढे इंटरनेट आल्यावर ऑफिसातल्या पोरांनी त्यांना ब्लॉग काढून दिला. शुद्ध मराठीत, ऱ्हस्व-दीर्घासकट. वाचक सहा, त्यांत मी दोन, कारण हिच्या नावानंही मीच वाचायचो. नव्या खेळांवर त्यांचा भारी राग. "मारामारीच्या खेळात आधी अर्धा तास गोष्ट सांगतात. म्हणजे मिसळ मागवली तर आधी बटाट्याची कुळकथा ऐका! आणि चुकलात तर म्हणतात, असू दे, इथूनच पुन्हा सुरू करा. आमच्या कॅसेटीत ही भानगड नव्हती. चुकलात, की पहिल्यापासून." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद असे, की पहिल्यापासून सुरू करायला लागणं हेच खेळातलं खरं सुख असावं असं वाटायचं.

त्या घराची बोलीही वेगळी होती. खेळताना हात सुटला की आपण 'मेलो, मेलो' ओरडतो. ताईंना ते तिन्हीसांजेला चालेना. "दिवा लावलाय, अभद्र बोलायचं नाही," असा दंडक निघाला. तेव्हापासून तिथे कुणी मरत नसे, 'गावाला जात' असे. आणि खेळाडूला मिळतात त्या तीन जीवांची झाली तीन गावं. "एक गाव गेलं, दोन उरली" हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांचा जमिनीचा दावा चाललाय. मी वकील सुचवायच्या बेतात होतो.

हे ओरडणारी दोन माणसं. एक साडूभाऊ आणि दुसरी त्यांची एकुलती मुलगी, माझी भाची. दोन रिमोटांतला एक पहिल्याच वर्षी बिघडला, तेव्हा दोघांनी एकच रिमोट वाटून घेतला. डावीकडचे बाण तिच्याकडे, उजवीकडची बटणं यांच्याकडे. ती पळवणार, हे मारणार. चटईवर खांद्याला खांदा लावून बसायचे, दोघांच्या मध्ये तो रिमोट. त्यांचा एक लाडका खेळ होता, निळ्या चिलखतातल्या भालेवाल्या मुलीचा. सात किल्ले सर करायचे आणि शेवटी एक राक्षस. सहा किल्ले ते डोळे मिटून घेत, सातव्यात राक्षस हमखास गावाला पाठवी. मग पुन्हा पहिल्यापासून.

आता त्यांच्या कपाटाबद्दल सांगतो. इतरांच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात कपबशा असतात, यांच्याकडे खेळांतल्या पात्रांच्या हातभर उंचीच्या मूर्ती. शिपाई, जादूगार, राक्षस, सगळे आपापल्या डब्यात, सीलबंद. ऑफिसातली पोरं अमेरिकेला गेली की लोक चॉकलेटं मागवत, हे राक्षस मागवत. मी एकदा 'खेळणी' म्हणालो तर दोन दिवस बोलले नाहीत. "खेळणी खेळायची असतात. हा संग्रह आहे. डबा फोडायचा नाही." मी मूळचा चौकस माणूस. मला राहवेना. "अहो, पण हात लावायचा नाही, बाहेर काढायची नाहीत, मग मजा कसली?" ते म्हणाले, "फोडला की संपलं. नाही फोडला तोवर आहे." मला काही हे झेपलं नाही. मधल्या खणात, अगदी डोळ्यांसमोर, ती निळ्या चिलखतातली मुलगी होती. तिचा डबा ते रोज फडक्यानं पुसत. बाकीच्यांना रविवारची पाळी.

ही चौकसपणाची खोड मला वहीपर्यंत घेऊन गेली. साडूभाऊ आंघोळीला गेले असता मी पानं चाळत होतो (चाळू नयेत, कबूल), तर एक पान जवळजवळ कोरं. वर त्या भालेवाल्या मुलीच्या खेळाचं नाव, मार्कांच्या चारही जागा रिकाम्या, आणि खाली शेरा: 'निकाल राखीव.' बोर्डाच्या परीक्षेत काही घोळ झाला की गुणपत्रिकेऐवजी येतो ना, तो शब्द. ताईंना स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, तिचं दहावीचं वर्ष लागलं ना तेव्हा. मीच तो खेळाचा डबा माळ्यावर टाकला. केबल काढली, डबा काढला. परीक्षा झाल्यावर काढू म्हटलं होतं. मग बारावी आली, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी, आणि मग ती गेलीच की अमेरिकेला." लाटणं बाजूला ठेवून म्हणाल्या, "विमानतळावर मला रडू आवरेना. म्हटलं, गेली हो पोरगी गावाला. तर हे म्हणतात कसे, रडू नको, अजून दोन आहेत." ताई हसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

मध्ये चार वर्षं येणं जमलं नव्हतं, मग भाची दिवाळीला आली, तिकडेच झालेल्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन. बिल्डिंगच्या अंगणात पोरांनी किल्ला केला होता. दगड, पोती, माती, हळीव पेरलेलं, सगळं यथासांग. मावळे तेवढे कमी पडले. नात धावत वर आली. "आजी, सोल्जर्स कुठायत?" ताईंचे हात चकलीच्या पिठात. "कपाटात आहेत बघ, डब्यांत. घे सगळे!" ताईंच्या मनात बाल्कनीतलं कपाट आणि पत्र्याच्या डब्यांतले मातीचे मावळे. पोरीला माहीत असलेलं कपाट एकच, आणि त्यात डबेच डबे!

मी फराळाला म्हणून पोचलो तर अंगणात पोरं खूश आणि जिन्यात ताई डोक्याला हात लावून बसलेल्या. वर हॉलमध्ये फाटलेल्या डब्यांचा खच. खाली किल्ल्यावर अख्खा संग्रह चिखलात उभा. महाराज सिंहासनावर, आणि त्यांच्या उजव्या हाताला पहाऱ्यावर निळ्या चिलखतातली मुलगी. तेवढ्यात झेंडूची पिशवी घेऊन साडूभाऊ फाटकातून आत आले. मी अशा वेळी काढता पाय घेणारा माणूस, पण काय होतं ते बघायचंही होतं.

ते उकिडवे बसले. चष्मा सारखा केला. सगळा किल्ला खालपासून वरपर्यंत पाहिला.

"राक्षस दरवाज्यात कुणी ठेवला?"

"मी," नात म्हणाली. "तो स्केरी आहे. मग कुणी आत येणार नाही."

"बरोबर. पण त्याचं तोंड आत आहे. तो आपल्याच माणसांना घाबरवतोय. फिरव." नातीनं फिरवला. "हळीव नीट उगवलेलं नाही, त्याचे आणखी चार मार्क कापले. बहात्तर."

बहात्तर! मी थक्क झालो. सत्तरच्या वर!

मग भाची खाली आली. तिची नजर सिंहासनापाशी गेली आणि ती तिथेच बसली. "बाबा, ही आपल्या खेळातली ना? कपाटात कायम बघत आले, पण ही घेतलीत कधी?"

"तू दहावीत होतीस तेव्हा. खेळ संपला की तुला द्यायची होती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"दहावी होती," साडूभाऊ म्हणाले.

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. साडूभाऊ झेंडूची फुलं मोजायला लागले.

भाऊबीजेला जेवणं झाल्यावर खेळाचा डबा माळ्यावरून उतरवला. नव्या टीव्हीला जुन्या पिना लागल्या कशा हे मला अजून कोडं आहे, पण लागल्या. बाप-लेक चटईवर बसले, खांद्याला खांदा, मध्ये रिमोट. तिची बोटं काही विसरली नव्हती. एक किल्ला, दोन किल्ले, सहा. नात टाळ्या पिटत होती, ताई दारात परात घेऊन उभ्या. सातव्या किल्ल्यात दोन गावं गेली. शेवटचं गाव उरलं आणि राक्षस असा टेकीला आला की आता एक भाला बस. मी कडेला बसलो होतो, मला पडदा कमी आणि हात जास्त दिसत होते. साडूभाऊंचा अंगठा बटणावर धडाधड पडत होता. आणि भाचीनं बाणावरचा आपला अंगठा उचलला. अगदी अलगद. पडद्यावरची मुलगी जागच्या जागी उभी राहिली, राक्षसाचा पाय पडला, गेली गावाला.

"आई गं!" नात किंचाळली.

"सॉरी बाबा," भाची म्हणाली. "पुढच्या दिवाळीत परत बसू. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून," साडूभाऊ म्हणाले.

बाहुली ती घेऊन गेली नाही. खेळ संपला नव्हता, नियम म्हणजे नियम. पाहुणे विमानात बसले, त्यानंतर आठवड्याभरानं मी गेलो. बाहुली मधल्या खणात परत उभी होती, डब्याशिवाय. पायांना किल्ल्याची माती तशीच. ताई पुसायला निघाल्या होत्या म्हणे, यांनी पुसू दिली नाही.

मला गप्प बसवेना. भाऊबीजेपासून भाचीचा तो अंगठा माझ्या डोळ्यांसमोर होता. म्हटलं, "साडूभाऊ, त्या दिवशी शेवटी नेमकं झालं काय हो?"

ते लगेच म्हणाले, "डावीकडचा बाण अडकतो. जुना झालाय." आणि चहा सांगायला आत गेले.

रिमोट तिथेच होता. मी तो हातात घेतला आणि बाण दाबून पाहिला. दहा वेळा, वीस वेळा. नव्यासारखा चालत होता. शेजारी वही उघडीच होती. 'निकाल राखीव' खाली ताज्या शाईत एक ओळ वाढली होती: 'रिमोटात दोष. फेरपरीक्षा पुढील दिवाळीस.' सतरा खेळांसाठी अडीच महिने मोजत बसलेल्या, नेमणूकपत्राला न सोडणाऱ्या या माणसाच्या हातून झालेली ही एवढी एकच खोटी नोंद. माझा साडू मला त्या क्षणी इतका आवडला की सांगता येत नाही.

ते चहा घेऊन बाहेर आले. माझ्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कप पुढे करायचं विसरून तसेच उभे राहिले.

मी म्हटलं, "खरंच अडकतो हो."