वरच्या कुंडातील निर्माल्य

समुद्रकाठच्या त्या लहानशा गावी जाण्याचे माझे प्रयोजन एकच होते. ते गाव पत्नीचे आजोळ. गुडघ्यांमुळे तिला फरीदाबादहून इतका प्रवास झेपणारा नव्हता. तिथल्या देवळामागच्या झऱ्याचे पाणी घरच्या महादेवाला एकदा तरी घालावे, एवढीच तिची इच्छा. तिने तांब्याचा गडू लखलखीत घासून माझ्या पिशवीत ठेवला. सोबतीला आमच्या वसाहतीतील काही मराठी कुटुंबे होती, सारी श्रद्धाळू.

तेथे एकाखाली एक तीन कुंडे आहेत. वरचे देवाचे, त्याच्याच तळातून झरा फुटतो. त्यात पाय घालायचा नाही, भांडे काठावरून बुडवायचे. मधले पिण्याचे, खालचे स्नानाचे. आदल्या संध्याकाळी ते निर्मळ पाणी पाहून मन निवाले होते.

सकाळी स्नान उरकून ओलेत्याने गडू घेऊन वर गेलो, तर मंडळी देवाच्या कुंडावर वाकलेली. प्रत्येकाच्या हाती फरीदाबादहून आणलेली पिशवी. घरोघरी साठवलेले निर्माल्य, तेलकट वाती, देवांची चित्रे असलेली जुनी कॅलेंडरे. सारे पाण्यात ओतणे चालले होते.

"यमुनेत टाकवत नाही हो काका, नुसता फेस असतो," शेजारीण म्हणाली. "म्हणून इथवर सांभाळून आणलं."

"हे देवाचं कुंड आहे. याच्याखाली गाव पाणी पितं."

"देवाचं आहे म्हणूनच ना," तिचे यजमान, सरकारी सेवेतून निवृत्त झालेले, हसले. "वाहतं पाणी आहे काका, बिल्कुल शुद्ध होतं. तुम्ही शास्त्री माणूस, चलो, दोन मंत्र म्हणा."

कुजलेल्या झेंडूचा आंबूस दर्प नाकात शिरला. पाण्यावर तेलाचा तवंग पसरत होता. मंडळींनी त्यालाच हात जोडले, त्यातच हात धुतले. त्या तृप्त चेहऱ्यांची मला शिसारी आली. क्रोध आवरण्याचा अभ्यास मी जन्मभर केला आहे; किळस आवरण्याचा कोणी शिकवला नाही. काठावर बसून हाताला लागले तेवढे बाहेर काढले. तवंग निघेना, आणि परतीची गाडी दुपारची होती.

पत्नीला फोन केला.

"भरला का गडू?"

मी घडले ते सांगितले.

"रिकामाच आणा," ती म्हणाली. "महादेवाला आपलं नळाचं घालू. आणि अहो, भांडू नका. गाडीत एकत्रच यायचंय."

भांडलो नाही. गाडीत शेजारणीच्या यजमानांनी त्या देवळातला प्रसाद पुढे केला. त्यांच्या बोटांकडे पाहिले आणि माझा हात पुढे झाला नाही.