तिसऱ्यांदा विचारलेला आकडा

मी नौदलात अधिकारी झाले तेव्हा आमच्या माले गावातल्या बायकांनी आईला विचारलं होतं, जहाजावर पोरीचं काम काय. रेडिओवर निरोप घ्यायचे आणि द्यायचे, एवढंच आईला सांगता आलं. ते बरोबरच होतं.

दोन वर्षांपूर्वी आमचं जहाज अरबी समुद्रात गस्तीवर होतं. चाच्यांचा उपद्रव वाढला होता, म्हणून काही देशांची नौदलं मिळून पहारा देत होती. एका सकाळी दुसऱ्या देशाच्या टेहळणी विमानातून रेडिओवर निरोप आला. एक मासेमारी बोट हाकेला उत्तर देत नव्हती आणि तिच्यावर बंदूकवाले दिसत होते. बोट कुठे आहे ते सांगणारे आकडे मला नीट कळेनात. बोलणाऱ्या बाईचे उच्चार वेगळे, त्यात खरखर. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कॅप्टन घड्याळाकडे पाहत होते. मला लाज वाटली, पण अंदाजाने लिहायला हात धजेना. तिने न चिडता एकेक अंक सुटा करून सांगितला. मी आधी लिहिलेला एक अंक चुकलेलाच होता. त्यावर विसंबलो असतो तर भलतीकडे गेलो असतो.

दुपारी एका बाजूने आम्ही आणि दुसऱ्या बाजूने तिच्या देशाची युद्धनौका बोटीजवळ पोचलो. मधे सापडलेल्या चाच्यांनी बंदुका पाण्यात टाकल्या. एकही गोळी झाडावी लागली नाही. आमच्या जवानांनी सतरा कोळी सोडवले. एकाचा हात सुजून काळानिळा झाला होता. त्या युद्धनौकेवरच्या डॉक्टरांनी तो वाचवला. विमान परत फिरताना ती बाई मला म्हणाली, तीनदा विचारलंत ते फार बरं केलंत.

सुट्टीत घरी आले तेव्हा भाताची कापणी चालू होती. बांधावर बसून मी वडिलांना, आबांना, सगळं सांगितलं. कोळी आपल्या देशाचे होते का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी हातातला विळा खाली ठेवला.

"कुनाची का असंनात, घरी गेली न्हवं? लई मोठं काम केलं तुमी."

आबा मला कधी अहोजाहो करत नाहीत. मी हसले.

"तुमी म्हंजी समदी," ते म्हणाले. "ती इमानातली बाई बी."

संध्याकाळी भूगावहून मामा आले. आबांनी त्यांना चहाही पिऊ दिला नाही, आधी गोष्ट ऐकवली. मी तीनदा विचारल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी आत उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होते.