बंद बंगल्याची विचारपूस

१४ जून, शनिवार सकाळ, परदेशातलं आमचं उपनगर बुकित तिमाह. हजर: मी आणि शेजारच्या इमारतीतले काका.

फिरताना काका टेकडीवरच्या जुन्या बंगल्यापाशी थांबतातच. कुणा इंग्रज साहेबाने कुटुंबासाठी बांधलेला. आता दाराला कुलूप, व्हरांड्याच्या खांबांना वाळवी.

"कौलं आणखी सरकली बघा," ते म्हणाले.

"विकत घेताय की काय?"

"छे हो. एवढं घर, आणि विचारणारं कुणी नाही."

काकांकडे मुलगा-सून कामात असतात, नातू इंग्रजीतच उत्तरं देतो.

निघताना त्यांनी फाटकाला हात लावला आणि बंद दाराकडे बघून म्हणाले, "येतो हं."

माझ्या इमारतीखाली मलाही ते तसंच म्हणाले. त्यांना वर चहाला बोलवायचं आजही राहिलं.