डाग होता म्हणून

"डाग होता म्हणून तुझी बहीण वाचली," असं मला आजवर निदान सात-आठ बायकांनी सांगितलंय. सगळ्या माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या. चांगल्या मनानं सांगतात आणि माझं डोकं फिरतं, कारण तो डाग गावाला मीच सांगितला.

निमगाव सावा या गावात माझं शिवणाचं दुकान आहे. वीस वर्षं बायकांची मापं घेतेय. कुणाच्या पोटावर टाके आहेत, कुणाचा एक खांदा उतरता आहे, कोण ब्लाउजला आतून पॅड लावून मागते, सगळं मला ठाऊक असतं. मापाची वही कपाटात कुलपात राहते. नवऱ्यानं सुद्धा ती कधी उघडलेली नाही.

धाकटी बहीण मंचरला एका दवाखान्यात नर्स आहे. आमच्या भावकीतल्या एकानं तिला मागणी घातली, तिनं नको म्हटलं. पोरसवदा नव्हे, चांगला तिशीचा बाप्या. त्यानं जयंतीच्या मिरवणुकीतला तिचा फोटो उचलला. पांढरी साडी, कपाळाला निळा गुलाल, तोंडभर हसू. फोनमधल्या कसल्याशा ॲपात तो घातला, तर तेच हसू एका नागड्या बाईच्या धडावर येऊन बसलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक ग्रुपवर ते पोचलं. दवाखान्यात पेशंटचे नातेवाईक आधी मोबाइलकडे आणि मग तिच्याकडे बघायला लागले.

पोलिसांत तक्रार झाली, त्याचा मोबाइल जमा झाला. लगेच भावकीला जाग आली. आपसात मिटवू म्हणून विहारासमोर बैठक बसली. दहा-बारा बाप्ये, आणि कोपऱ्यात आम्ही दोघी.

"मी काय केलं न्हाई, ॲपनं केलं," तो म्हणाला. अशी तळपायाची आग मस्तकात गेली! माझं मशीन आपण होऊन ब्लाउज शिवत नाही, पायडलवर कुणाचा तरी पाय लागतो. हे मी बोलणार, तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ हळूच म्हणाले, "पर फोटो खराच नसंल कशावरनं?"

आणि मी फटकन बोलून गेले. "तिच्या डाव्या मांडीवर भाजल्याचा डाग हाय. लहानपणी पाण्याचं पातेलं सांडलं व्हतं. या फोटोत कुठाय डाग?"

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकानं तर चहा सांगितला. ज्या वयस्क गृहस्थांना शंका होती, ते म्हणाले, "मंग आपली पोरगी न्हाईच ती. नुकसान काय झालं? त्यो माफी मागंल, इषय संपला."

बहीण साडीचा पदर मांडीवर ओढून घेत होती. साडी अंगभर असताना. मग ती उठली आणि चालत घरी गेली. खोट्या फोटोत तिचं फक्त तोंड होतं. खरं अंग मी दाखवलं, एवढ्या बाप्यांसमोर, तिला न विचारता.

तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मग एका रविवारी म्हणाली, "उद्या जुन्नरला चल. वकील बघितलीय."

वकीलबाईंनी नीट समजावून सांगितलं. पोलिसांचं त्यांच्या जागी चालू राहील. अशा बनावट फोटोंसाठी वेगळा दिवाणी कायदा अजून नाही, पण भरपाईचा दावा लावता येतो, फोटो पुन्हा पसरवायला मनाई मागता येते. दावा त्याच्यावर, ॲपवर नाही. मग त्या उत्साहानं म्हणाल्या, "डागाचं घालू या. फोटो खोटा आहे हे तिथंच सिद्ध होतं."

"न्हाई घालायचं," बहीण म्हणाली.

"अहो, तुमच्याच फायद्याचं आहे."

"मॅडम, उद्या एखादीच्या अंगावर डागच नसला, तर तिनं काय करायचं? अंग कुणाचं हाय ते मी का सांगत बसू? तोंड माझं हाय. त्यानं मला इचारलं व्हतं का, तेवढंच लिहा."

वकीलबाईंनी टिपून ठेवलेला तो मुद्दा खोडला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमची साक्ष लागेल. समोरचा वकील डागाचं काढणारच. बैठकीत सगळ्यांनी ऐकलंय."

परतीच्या एसटीत बहीण खिडकीकडे तोंड करून बसली होती. नारायणगाव आलं तेव्हा मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "व्हय." एवढंच. मला त्याचा राग आला नाही. बाकी सगळ्यांचा आहे, त्या चहा सांगणाऱ्याचा सुद्धा, आणि माझा सगळ्यांत जास्त.

तारीख लागेल तेव्हा मी पिंजऱ्यात उभी राहीन. समोरचा वकील विचारेल, बहिणीच्या अंगावर डाग आहे की नाही. त्या दिवशी कुणी विचारलेलं नसताना मी सांगितलं. आता कोर्टानं विचारलं तरी सांगणार नाही.